न मिटणारी खिडकी



मागच्या संक्रांतीला आमच्या गटातल्या एका ताईंच्या नव्या घरात आम्ही हळदीकुंकवाला गेलो होतो. घर नवं कोरं, भिंतींच्या रंगाचा वास अजून जायचा होता. पण खिडकीजवळ बसलेल्या बाया एकेक करून आत सरकायला लागल्या. समईची वात एका जागी ठरेना. पाहिलं तर खिडकीची चौकट आणि भिंत यांच्यामध्ये बोट जाईल एवढी फट होती. ताईंनी तिच्यात जुन्या लुगड्याच्या चिंध्या कोंबल्या होत्या. त्या म्हणाल्या, "गवंड्याला सांगितलं, तर तो म्हणतो, खिडकी म्हटल्यावर वारा येणारच."

घरी येताना आमच्या मनात नायगाव आलं. मुंबईतलं, दादर-परळच्या शेजारचं नायगाव. आपल्यातल्या कितीतरी जणींचे आजे-पणजे गिरणीत कामाला गेले आणि तिकडच्या चाळींत राहिले. त्या चाळी नव्या होत्या, तेव्हा तिथल्या बायांनीही खिडकीत चिंध्या आणि गोणपाटच कोंबलं असेल. आज त्या खिडकीची गोष्ट सांगतो.

गोष्ट सुरू होते प्लेगपासून. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. तो उंदरांच्या अंगावरच्या पिसवांमुळे पसरतो, हे तेव्हा उमगलेलं नव्हतं. अंधाऱ्या, कोंदट खोल्यांमुळेच रोग होतो, असं सरकारला वाटलं. सरकारी माणसांनी घरात ऊन पडावं म्हणून छपरांची कौलं काढली. १८९८ साली शहर सुधारण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट नावाची संस्था निघाली. तिने उजेड आणि हवा मिळावी म्हणून इमारतींमधल्या अंतराचा हिशोब बसवला. समोरची इमारत जेवढी उंच, त्याच्या निम्मी तरी मोकळी जागा मध्ये हवी, असा तो साधारण हिशोब होता. विचार वाईट नव्हता. क्षयासारख्या रोगाला कोंदट हवा पोसतेच. पण हवा किती हवी, ती कधी हवी आणि कधी नको, हे त्या खोलीत चूल पेटवणाऱ्या बाईला कुणी विचारलं नाही.

तेव्हा गिरणी कामगारांची घरं कशी होती, त्याची एक नोंद आहे. १९२१-२२ साली गिरण्यांतल्या बायकांच्या बाळंतपणाची चौकशी करायला सरकारने डॉ. बार्न्स या बाईंना नेमलं होतं. एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर त्यांना पंधरा फूट लांब आणि बारा फूट रुंद खोली दिसली. त्या एका खोलीत सहा कुटुंबं राहत होती. जमिनीवर सहा चुली आणि लहानमोठी मिळून तीस माणसं. रात्री आढ्याला बांधलेल्या बांबूंवर कपडे आणि गोणपाट टाकून प्रत्येकाचा आडोसा व्हायचा. सहांपैकी तीन बायका गरोदर होत्या. बाळंतपण कुठे होणार, असं बार्न्सबाईंनी विचारलं, तेव्हा त्यांना तीन-चार फुटांचा एक कोपरा दाखवण्यात आला.

अशा वेळी सरकारने नव्या चाळी बांधायचं ठरवलं. गव्हर्नर होते सर जॉर्ज लॉइड. १९२० साली त्यांनी बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट हे खातं काढलं. त्याच्या इंग्रजी अक्षरांवरून चाळींना नाव पडलं बीडीडी. पैसा उभा राहिला शहरात येणाऱ्या कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसवून. बेत होता पन्नास हजार खोल्यांचा. प्रत्यक्षात नायगाव, वरळी, डिलाईल रोड आणि शिवडी या चार ठिकाणी मिळून २०७ चाळी झाल्या. खोल्या भरल्या सोळा हजारांच्या वर. नायगावच्या वाट्याला ४२ चाळी आल्या.

चाळ तळमजला धरून चार मजल्यांची. मजल्यावर वीस खोल्या, दहा इकडे आणि दहा तिकडे, मधून बोळ. खोली १६० चौरस फुटांची. बांधकाम सिमेंट-काँक्रीटचं. लवकर उठतं, पक्कं होतं, फार डागडुजी लागत नाही, म्हणून ते निवडलं.

आता खिडकीकडे या. जुन्या चाळींना बाहेरून लाकडी गॅलरी असायची. दार-खिडकी गॅलरीत उघडायची, त्यामुळे पावसाचा मारा आधी गॅलरी झेलायची. बीडीडीत बोळ गेला आत आणि खोलीची एकुलती खिडकी आली थेट बाहेरच्या भिंतीवर. त्या खिडक्यांना सुरुवातीला झडपाही नव्हत्या. काँक्रीटच्या तिरप्या पट्ट्या पक्क्या बसवल्या होत्या. हेतू असा की हवा खेळती राहावी आणि पाऊस अडावा. झालं उलटं. पट्ट्यांनी उजेड अडवला आणि वाऱ्याबरोबर येणारा पाऊस मात्र आत घेतला. मुख्य म्हणजे ती खिडकी मिटताच येत नव्हती.

मैत्रिणींनो, त्या खोलीतल्या बाईच्या जागी क्षणभर उभ्या राहा. बाहेर आषाढाची झड आहे. खिडकीतून शिंतोडे अंथरुणावर येत आहेत. गोणपाट लावलं, तर चुलीचा धूर कोंडतो आणि पोर खोकतं. गोणपाट काढलं, तर पोर भिजतं. धूर की पाऊस, यातलं एक तिला रोज निवडायचं होतं. तिच्या खोलीला भोक होतं, खिडकी नव्हती. खिडकी म्हणजे आपल्या हाताने उघडता आणि मिटता येणारी जागा.

या चाळींवर तेव्हा फार टीका झाली. घरांची इतकी टंचाई असूनही कित्येक खोल्या वर्षानुवर्षं रिकाम्या राहिल्या. गिरण्यांपासूनचं अंतर, भाडं आणि खोल्यांची गैरसोय, अशी त्याची कारणं होती. सरकारला भाडी उतरवावी लागली. पुढे खिडक्याही बदलल्या. मग कोकण, सातारा, कोल्हापूरकडची माणसं तिथे रुजली. त्यांच्या चार-चार पिढ्या त्या १६० फुटांत वाढल्या. आज नायगावात जुन्या चाळी पाडून उंच इमारती उभ्या राहत आहेत आणि रहिवाशांना ५०० चौरस फुटांचं घर द्यायचं ठरलं आहे. वरच्या मजल्यांवर वाऱ्याचा जोर आणखी असतो. तिथल्या बायांनीही किल्ली हातात घेताना आधी खिडकी हलवून पाहावी.

ही शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट आपल्याला कशासाठी? कारण आपण नायगावच्या त्या बाईपेक्षा एका बाबतीत नशीबवान आहोत. तिचं घर खात्याने बांधलं आणि ती भाडेकरू होती. आपलं घरकुल बहुधा बाईच्या नावावर किंवा नवरा-बायको दोघांच्या नावावर असतं. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण भागातलं घर ठेकेदाराकडून नव्हे, तर आपणच बांधून घ्यायचं असतं. पैसेही काम जसं पुढे सरकेल तसे हप्त्याने येतात. म्हणजे गवंडी आपल्याला बांधील आहे, आपण गवंड्याला नाही.

म्हणून खिडकी बसत असताना तिथे उभ्या राहा. चौकट ओळंब्यात आहे का, ते पाहा. ती वाकडी बसली, तर झडप कधीच नीट मिटत नाही. चौकटीचे लोखंडी पाय भिंतीत पक्के गाडलेत का, तेही पाहा. चौकटीच्या चारी बाजूंची फट मालाने आतपर्यंत भरून घ्या. नुसत्या वरच्या गिलाव्याने ती झाकली, तर पहिल्याच उन्हाळ्यात तिथे चीर पडते. खिडकीखालच्या कट्ट्याला बाहेरच्या बाजूला उतार हवा, आत नको. वर छज्जा हवाच. छज्ज्याच्या खालच्या अंगाला, कडेजवळ एक बारीक खाच पाडायला सांगा. म्हणजे पाणी तिथूनच गळून पडतं, भिंतीकडे येत नाही.

शेवटचे पैसे देण्याआधी दोन परीक्षा घ्या. वाऱ्याच्या दिवशी खिडकी मिटून चौकटीच्या कडेने पेटती उदबत्ती फिरवा. धूर जिथे वाकडा होईल, तिथे फट आहे. मग बाहेरून बादलीभर पाणी मारा आणि आत येऊन भिंतीवरून हात फिरवा. दोन्हींना मिळून घटकाभरही लागत नाही. मात्र फटी बुजवताना धुराची वाट बुजवू नका. चुलीवरचं धुराडं किंवा झरोका मोकळाच हवा.

आमच्या ताईंनी संक्रांतीनंतर गवंड्याला परत बोलावलं. गटातल्या आम्ही पाचजणी उदबत्ती घेऊन शेजारी उभ्या राहिलो. धूर वळला तिथे बोट ठेवलं. मग गवंडी काही बोलला नाही, त्याने थापी उचलली. दुपारपर्यंत फट भरून झाली. चिंध्या ताईंनी काढल्या, धुतल्या आणि त्यांची वाकळ शिवायला घेतली.