कोरड्यास काय?

नळदुर्गात व्याख्यान द्यावयाचे म्हणजे वक्त्याने पाणीमहालापासून आरंभ करावा, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत १६१३ साली बोरी नदीवर उभ्या राहिलेल्या त्या बंधाऱ्याची थोरवी सांगावी, नर आणि मादी या धबधब्यांचे कौतुक करावे व श्रोत्यांनी समाधानाने माना डोलवाव्या, असा जणू प्रघातच पडला आहे. आम्ही आज किल्ल्याच्या आत जाणार नाही. खाली गावात, चुलीपाशीच थांबणार आहोत. घरी केलेल्या पिझ्झ्यावर काय काय घालावे, हा प्रश्न अलीकडे घरोघरच्या मुलींना पडतो; आणि त्यांच्या आजीला तो थिल्लर वाटतो. आमच्या मते तो थिल्लर नाही. तो फार जुना प्रश्न आहे, आणि आजीच्याच तोंडी तो रोज संध्याकाळी असतो: 'आज कोरड्यास काय?'

कोरड्यास हा शब्द शहरी मराठीत मागे पडत चालला आहे, म्हणून थोडे थांबतो. कोरडी भाकरी घशाखाली उतरावी यासाठी जे काही तिच्याबरोबर किंवा तिच्यावर घेतात, ते कोरड्यास. शेतावर ताट कोठून असणार? डाव्या तळहातावर भाकरी, भाकरीवर चटणीचा गोळा, शेजारी बुक्कीने फोडलेला कांदा. ताट, वाटी आणि अन्न ही तिन्ही एकच. इटलीतील पिझ्झ्याचे मूळही असेच आहे. रोमन कवी व्हर्जिल याच्या 'ईनीड' महाकाव्यात भुकेले ट्रोजन लोक पोळीवर वाढलेली फळे खाऊन झाल्यावर खालची पोळीही खातात, आणि आपण आपली मेजेच खाल्ली अशी थट्टा होते. पुढे नेपल्स शहरातल्या गरिबांनी अशाच पोळीवर लसूण, तेल, मीठ आणि मग टोमॅटो घालून रस्त्यावर उभ्याउभ्या भूक भागविली. १८८९ साली राणी मार्गेरिता हिच्या सन्मानार्थ तिरंगी पिझ्झा झाला, ही कथा सर्वतोमुखी आहे. इतिहाससंशोधक तिच्यावर फारसा विश्वास ठेवीत नाहीत. राणीने चाखला म्हणजे गरिबाचे अन्न प्रतिष्ठित होते, ही समजूत मात्र सर्व देशांत सारखीच.

आता आपल्या बाजूचा पुरावा पाहू. येथून पूर्वेला कल्याणी, आजचे बसवकल्याण, ही चालुक्यांची राजधानी. तेथील राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्यातील अन्नभोगाच्या प्रकरणात मांडे, पोळ्या, वडे अशा कितीतरी पदार्थांची कृती आहे. हिंग, जिरे, मिरे, सैंधव यांचा मुक्त वापर आहे. दुधात आंबट घालून ते नासवावे आणि त्या चोथ्याचे पदार्थ करावेत, हेसुद्धा आहे. म्हणजे चीज परके म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी जरा सबुरीने घ्यावे. परंतु श्रोतेहो, या राजाच्या मुदपाकखान्यात तीन वस्तू नव्हत्या: मिरची, भुईमूग आणि टोमॅटो. कल्याणीच्या सार्वभौमाला ठेचा ठाऊक नव्हता!

असणार कसा? ही तिन्ही झाडे अमेरिका खंडातील. १५१० साली पोर्तुगीजांनी आदिलशहाकडून गोवा घेतले आणि त्या बंदरातून नव्या जगाची पिके दख्खनमध्ये शिरू लागली. तंबाखूचा दाखला तर लेखी आहे. अकबराचा वकील असदबेग विजापुरास आला, त्याने ती तेथे प्रथम पाहिली आणि परतताना बादशहासाठी नेली. मिरचीही याच वाटेने गोव्याहून विजापूर मुलुखात आणि तेथून या ठाण्यात आली असावी असे आम्हांस वाटते. पाणीमहाल बांधणाऱ्या गवंड्यांच्या भाकरीवर ती होती की नाही, हे कागदावर नाही. लोकांनी तिला नाव मात्र जुन्या मिऱ्यावरून दिले. भुईमुगालाही मुगाचे आडनाव लावून घरात घेतले, आणि टोमॅटोला विदर्भात भेदरे म्हटले. खुद्द ज्वारी तरी कोठली? तीही काही सहस्र वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आलेली. तेव्हा 'आमचे' काय आणि 'त्यांचे' काय, याचा निवाडा धान्याच्या जन्मपत्रिकेवरून करू गेल्यास आपल्या ताटात फारसे काही उरणार नाही.

मग आपले काय? हात आपला. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून तिचा पिझ्झा फुगत नाही, ओढूनही वाढत नाही. आपल्या बायकांनी त्यावर कढत पाण्याचा तोडगा काढला. त्या उलवणाने पीठ बांधले जाते, परातीत थापता येते, वरून पाण्याचा हात फिरवून विस्तवावर टाकली की पापुद्रा टम्म सुटतो. हा पापुद्रा म्हणजे निसर्गाने दिलेला खिसाच. तो उचलून आत तूप आणि ठेचा सारावा, हे नेपल्सच्या आचाऱ्याला सुचले नसते. वरून ओले घालावयाचे असेल तर ताजी भाकरी भिजून लगदा होतो. त्यासाठी सोलापूरकडची कडक भाकरी हवी. ती ओले कालवण काही वेळ तोलून धरते.

आणि वर घालावयास काय कमी आहे? उखळात कुटून तेल सुटलेली शेंगाचटणी, तिच्यावर करडईच्या तेलाची धार. कारळाची काळी चटणी, जवसाची तपकिरी. घट्ट पिठले. आंबट अंबाडीची भाजी. माघाच्या सुमारास कोवळा हुरडा, लसणीच्या चटणीबरोबर. एका मुलीने पिझ्झ्यावर हुरडा घातल्याचे ऐकून आम्ही प्रथम हसलो, मग चाखून गप्प बसलो. १९६२ साली कॅनडात सॅम पानोपुलोस या ग्रीक गृहस्थाने पिझ्झ्यावर डब्यातले अननस टाकले. त्यावरून जग आजही भांडते. हुरड्याला एवढी घाबरण्याची गरज नाही. खवा मात्र नको. भूम-कुंथलगिरीचा खवा उत्तम खरा, पण त्याची जागा निराळी.

आमची काळजी वेगळीच आहे. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर परदेशातील तांबडी मिलो आली, तिच्या भाकरीची चव जुनी माणसे अजून विसरलेली नाहीत. तेव्हा भाकरीच परकी झाली होती. आज भाकरी शाळूचीच आहे, पण वरचे आटत आहे. पूर्वी ज्वारीच्या काठाने करडईचे पाटे असत. काट्यांमुळे गुरे आत शिरत नसत आणि घरचे तेलही मिळे. कारळ, जवस, अंबाडी ही अशीच कडेची पिके. गेल्या तीसेक वर्षांत सोयाबीनने शिवार भरले. पैसा आला, तो हवाच होता. पण कडा गेल्या. सोयाबीन शेतकरी बाजारात नेतो, त्याची चटणी कोणी कुटीत नाही. म्हणून दुकानातून आणलेल्या सिमला मिरचीवरच मुलींची कल्पना थांबली, तर दोष त्यांच्या कल्पनेचा नाही.

एक दिवस तेवढा शिल्लक आहे. मार्गशीर्षातील अमावास्येला, आपल्या येळवशीला, आख्खे गाव शेतात जाते. त्या दिवशीच्या भज्जीत तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे ओले दाणे, गाजर, शेंगदाणे, जे जे रानात असेल ते सारे पडते आणि बेसनाने ते बांधले जाते. ती नेहमीच प्रमाणाबाहेर होते. दुसऱ्या दिवशी उरलेली भज्जी तव्यावर आटवून घट्ट करावी, कडक भाकरीवर पसरावी, वर कारळाची चटणी भुरभुरावी आणि झाकण ठेवून मंद आचेवर दोन मिनिटे वाफ द्यावी. कारळ मिळाले नाही तर तीळ चालतील.