दगडाची भुकटी आणि तिला ओढणारी नळी

दगड, वीट किंवा काँक्रीट कापण्याच्या हत्यारांचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास वेगाचा इतिहास म्हणून सांगितला जातो आणि त्यात चूक काही नाही. परंतु त्याच हत्यारांनी उडवलेल्या धुळीचा इतिहास त्याच्या शेजारी मांडला, तर एक विसंगती ठळकपणे दिसते. धूळ आवरण्याचा खरा उपाय सापडला तो एका जागी खिळलेल्या कामासाठी, म्हणजे छपराखालच्या कारखान्यासाठी. आणि तो उपाय रुजतो न रुजतो तोच कापण्याचे यंत्र इतके लहान व हलके झाले, की ते कारखान्यातून उठून कोणत्याही भिंतीपाशी, कोणत्याही परांचीवर जाऊन पोहोचले. धूळ ओढणारी नळी मात्र मागेच राहिली.

या धुळीतील घातक घटक म्हणजे मुक्त सिलिका, अर्थात क्वार्ट्झ, ज्याला व्यवहारात गार किंवा गारगोटी म्हणतात. डोळ्यांना दिसणारी, कपड्यांवर बसणारी भुकटी त्रासदायक असली, तरी ती बहुतांशी नाकात आणि घशात अडकते. फुप्फुसांच्या तळापर्यंत पोहोचतात ते साधारण ४ मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण, आणि एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग असल्यामुळे असे कण सुटे असताना दिसतच नाहीत. फुप्फुसातील पेशी हे स्फटिक गिळतात, ते पचवता न आल्याने स्वतः मरतात, आणि त्या जागी निबर गाठी तयार होत जाऊन श्वासाची जागा आक्रसते. हाच सिलिकोसिस, तो जडल्यावर मागे फिरत नाही, आणि क्षयरोगाला वाट मोकळी करून देतो.

दगडाच्या धुळीने माणूस मरतो, हे ज्ञान आधुनिक नाही. आग्रिकोलाच्या १५५६ साली प्रसिद्ध झालेल्या खाणविद्येवरील ग्रंथात कार्पेथियन पर्वतातील खाणींच्या परिसरात एकेका स्त्रीने सात-सात नवरे केल्याचा आणि ते सगळे खाणीतील धुळीने अकाली गेल्याचा उल्लेख आहे. १७०० साली इटलीत रामाझ्झिनीने कारागिरांच्या रोगांवर लिहिताना पाथरवटांना स्वतंत्र स्थान दिले. उपायही कल्पनेपलीकडचे नव्हते, कारण इंग्लंडमध्ये कुंभारकामासाठी चकमकीचा दगड कोरडा कुटताना कामगार मरतात हे पाहून टॉमस बेन्सनने तो पाण्यात दळण्याच्या पद्धतीचे पेटंट १७२६ मध्येच घेतले होते. तरीही छिन्नी आणि हातोडा यांच्या काळात धुळीला एक नैसर्गिक मर्यादा होती: हाताच्या ठोक्याने दगडाच्या मुख्यतः कपच्या निघतात, भुकटी त्यामानाने थोडी, आणि पाथरवट बहुधा उघड्यावर किंवा झापाखाली बसलेला असतो.

ती मर्यादा कशी ओलांडली गेली, हे पाहण्यासाठी अमेरिकेतील व्हर्माँट राज्यातले बॅरे हे गाव घेणे सोयीचे आहे, कारण तेथे जे घडले त्याची नोंद इतरत्र क्वचितच इतकी नीट राहिली आहे. बॅरेच्या करड्या ग्रॅनाइटमध्ये साधारण पाव ते एक तृतीयांश भाग क्वार्ट्झ असतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या दगडाची थडगी आणि स्मारके अमेरिकाभर जाऊ लागली, तेव्हा ती घडवण्यासाठी स्कॉटलंडच्या ॲबर्डीनमधून आणि उत्तर इटलीतून, विशेषतः कॅराराच्या बाजूने, पिढीजात कसब असलेले कारागीर येथे येऊन स्थायिक झाले. त्यांच्या हाती दोन गोष्टी जवळजवळ एकाच वेळी आल्या. एक म्हणजे दाबलेल्या हवेवर चालणारी छिन्नी, जी मिनिटाला हजारो ठोके देते. आणि दुसरी म्हणजे बंदिस्त कारखाना, कारण व्हर्माँटच्या हिवाळ्यात बारमाही काम करायचे, डोक्यावरून जड शिळा नेणाऱ्या याऱ्या चालवायच्या, तर भिंती आणि दारे लागतातच. नव्या छिन्नीने कपच्यांऐवजी पीठ पाडले आणि बंद दारांनी ते आत कोंडून ठेवले. छिन्नीच्या टोकाशी साचणारी भुकटी उडवून देण्यासाठी कारागीर दाबलेल्या हवेचाच झोत वापरत, म्हणजे जी धूळ खाली बसली असती तीही पुन्हा नाकासमोर येई.

चाळिशी-पन्नाशीत दम लागणे, मग क्षय, मग गावाजवळचे आरोग्यधाम, हा क्रम बॅरेत इतका ठरीव झाला, की मागे राहिलेल्या इटालियन विधवांनी खाणावळी चालवणे हा त्या गावाच्या अर्थव्यवस्थेचा नेहमीचा भाग बनला. मारी तोमासी या लेखिकेने १९४९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कादंबरीचा विषयही तेथील दगड घडवणारी इटालियन कुटुंबे हाच होता. कारागिरांना कारण ठाऊक नव्हते, असे मानणे त्यांच्यावर अन्याय करणारे ठरेल. हवेच्या यंत्रांपैकी सर्वांत जास्त धूळ उडवणाऱ्या यंत्राला त्यांच्या संघटनेचा विरोध होता. पण कामाचे दाम आणि कामाचा वेग यांची सांगड एकदा बसली, की जुनी छिन्नी घेऊन बसणाऱ्याला बाजारात उभे राहता येत नाही.

अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने १९२०च्या दशकात बॅरेतील कारखान्यांची पाहणी केली आणि तिचा अहवाल १९२९ मध्ये प्रसिद्ध झाला. ठरावीक हवा द्रवातून बुडबुडवून तिच्यातील धूळ त्यात पकडायची आणि त्या द्रवाचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून कण मोजायचे, अशी ती पद्धत होती. तिच्या आधारे दर घनफूट हवेत सुमारे १ ते २ कोटी कण, याच्या आत धूळ राहिली तर रोग आटोक्यात राहील, असा अंदाज बांधण्यात आला. आज तो अंदाज सैल वाटतो. परंतु धुळीला एक आकडा मिळाला, आणि आकडा मिळाल्यावर कारखानदार, कामगार संघटना व राज्य सरकार यांना भांडण्यासाठी आणि पुढे तडजोडीसाठी एक समान जमीन मिळाली. १९३०-३१ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातील हॉक्स नेस्ट बोगद्यात शेकडो मजूर, त्यांतले बहुसंख्य कृष्णवर्णीय, काही महिन्यांच्या कोरड्या खोदाईने दगावले आणि सिलिकोसिस हा राष्ट्रीय वादाचा विषय झाला. त्या दबावाचाही पुढच्या बदलात वाटा होता. १९३७ पासून पुढच्या दोन-तीन वर्षांत बॅरेतील कारखान्यांमध्ये प्रत्येक कारागिराच्या जागेपाशी धूळ ओढणाऱ्या नळ्या बसल्या. त्यानंतर कामाला लागलेल्या पिढीत सिलिकोसिस जवळजवळ दिसेनासा झाला. दगड तोच, छिन्नी तीच, गावही तेच असल्यामुळे हा फरक नळीनेच पाडला, असे म्हणण्यास फारशी हरकत नाही.

ही नळी जशी होती तशीच का असावी लागते, हे समजून घेतल्याशिवाय पुढचा भाग उलगडत नाही. समई फुंकर घालून हातभर अंतरावरून विझवता येते, पण श्वास आत ओढून ती विझत नाही. कारण बाहेर फेकलेली हवा झोत धरून जाते, तर आत ओढली जाणारी हवा सर्व बाजूंनी येते. नळीच्या तोंडापासून तिच्या व्यासाइतके अंतर गेले, की ओढीचा वेग तोंडाशी असलेल्या वेगाच्या दहाव्या हिश्शापर्यंत घसरतो. म्हणून छताला मोठा पंखा लावून उपयोग नसतो. नळीचे तोंड छिन्नीच्या टोकापासून वीतभराच्या आतच हवे, आणि काम सरकेल तसे तेही सरकायला हवे. बॅरेत ते साधले, कारण शिळा चौथऱ्यावर स्थिर होती, कारागीर तिच्याभोवती होता आणि नळी वरून लोंबत होती.

दरम्यान दगड कापण्याची रीतच बदलत होती. ॲचिसनने १८९१ मध्ये अमेरिकेत विजेच्या भट्टीत सिलिकॉन कार्बाइड, म्हणजे कार्बोरंडम, बनवले आणि हिऱ्याखालोखाल कठीण असा घासणारा पदार्थ स्वस्त झाला. जर्मनीत श्टुटगार्टजवळ १९२२ मध्ये स्थापन झालेल्या आकरमान उंट श्मिट, म्हणजेच पुढील फ्लेक्स, या कंपनीने १९५४ मध्ये वेगवान अँगल ग्राइंडर बाजारात आणला. मोटरीचा आस आडवा, त्याच्या टोकाला तिरप्या दातांची जोडचक्रे, आणि त्यांनी काटकोनात वळवलेल्या गतीवर फिरणारी चकती, अशी ही रचना असल्याने एक माणूस दोन्ही हातांनी धरून हे यंत्र कोणत्याही पृष्ठभागाला लावू शकतो. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत कृत्रिम हिरा तयार झाला, आणि यथावकाश पोलादी चकतीच्या कडेवर हिऱ्याची कणी बसवणे सामान्य गवंड्यालाही परवडू लागले. कोणी ठरवून जुळवून आणलेले नसतानाही १९५४ हे साल या इतिहासात दोनदा येते.

११५ मिलिमीटरची चकती मिनिटाला ११,००० फेरे घेते, तेव्हा तिची कड सेकंदाला ६६ मीटर, म्हणजे ताशी सुमारे २४० किलोमीटर वेगाने दगडावरून जाते. छिन्नी दगड फोडते. चकती तो झिजवते, म्हणजे कापाच्या रुंदीइतका सगळा दगड पीठ होऊनच बाहेर पडतो. शिवाय हे पीठ चकतीच्या कडेला स्पर्शून सरळ रेषेत त्या वेगाने निसटते, आणि लोंबती नळी त्याला अडवू शकत नाही.

याचा कडेलोट विटांच्या जुन्या भिंतींवर झाला. शिकागोसारख्या शहरांत पावसाने आणि गोठण्या-वितळण्याने विटांमधला चुना-सिमेंट ढिला होतो, तेव्हा दरजा, म्हणजे विटांमधल्या सांध्यांच्या फटी, बोटभर खोल कोरून नव्याने भराव्या लागतात. पूर्वी हे काम अरुंद छिन्नीने होई. ग्राइंडरने ते कितीतरी पटींनी जलद झाले, आणि परांचीवर उभ्या असलेल्या गवंड्याच्या तोंडाशी सिलिकाचे प्रमाण सुरक्षित मर्यादेच्या दहापट व त्याहूनही पुष्कळ वर जाऊ लागले. बॅरेच्या कारखान्यात जे संपले होते, ते उघड्या आकाशाखाली परतले. येथे कायद्याची सुस्तीही नोंदवली पाहिजे: अमेरिकेत बांधकामावरील सिलिकाची मर्यादा २०१६ पर्यंत दर घनफुटातील कणसंख्येतच सांगितली जात होती, म्हणजे बॅरेच्या पाहणीच्या काळातील मापनपद्धती प्रयोगशाळांतून हद्दपार झाल्यानंतरही नियमपुस्तकात जिवंत होती.

२०१६ च्या नियमाने आठ तासांची सरासरी मर्यादा दर घनमीटर हवेत ५० मायक्रोग्रॅम ठरवली, आणि बांधकामावर तिची अंमलबजावणी सप्टेंबर २०१७ पासून सुरू झाली. त्यातील खरी नवी गोष्ट वेगळीच आहे. प्रत्येक ठेकेदाराने हवा मोजत बसण्याऐवजी कोणत्या हत्याराला कोणते साधन जोडावे, याचा तक्ताच कायद्यात दिला गेला. म्हणजे नळी जागेला न बांधता हत्याराला बांधली गेली. दरजा कोरणाऱ्या ग्राइंडरवर चकतीला वेढणारे आच्छादन हवे, त्याला जोडलेल्या ओढयंत्राने चकतीच्या दर इंच व्यासामागे मिनिटाला २५ घनफूट हवा ओढली पाहिजे, गाळणीने ९९ टक्के धूळ अडवली पाहिजे, आणि गाळणी चोंदू नये म्हणून आधी जाड धूळ भोवऱ्यात फिरवून वेगळी करणारे पात्र किंवा गाळणी झटकणारी व्यवस्था असली पाहिजे. एवढे करूनही कामगाराने मुखवटा घालायचाच आहे, आणि काम चार तासांहून जास्त असेल तर अधिक ताकदीचा; आच्छादन भिंतीच्या कोपऱ्यापाशी उचलले जाते आणि तेथून धूळ निसटते, याची ही कायदेशीर कबुलीच म्हणावी लागेल.

बॅटरीवरच्या हत्यारांचा प्रवास याच्या समांतर चालला होता. मकिता या जपानी कंपनीने १९७८ मध्ये निकेल-कॅडमियम बॅटरीचे छिद्रयंत्र आणले. पण ग्राइंडरची भूक त्याहून फार मोठी असल्याने ते खऱ्या अर्थाने वायरमुक्त झाले २००५ च्या सुमारास लिथियम-आयन बॅटरी बांधकामाच्या हत्यारांत आल्यानंतर. १८ व्होल्ट आणि ५ अँपिअर-तासांच्या बॅटरीत ९० वॉट-तास ऊर्जा मावते, आणि ९०० वॉट खेचणारे यंत्र ती हिशेबाने सहा मिनिटांत संपवते. पाच इंची चकतीसाठी मिनिटाला सुमारे साडेतीन घनमीटर हवा ओढणारे यंत्रही तसेच खादाड असते, त्यामुळे ग्राइंडर बॅटरीवर आणि ओढयंत्र भिंतीतल्या प्लगवर, असे अर्धवट स्वातंत्र्य अनेक कामांवर दिसते. वायर गेली तरी जाड नळी उरलीच, आणि ती काढून ठेवण्याचा मोह वायरच्या काळापेक्षा आता जास्त आहे.

महाराष्ट्राचा या कथेशी संबंध दगडाच्या जातीमुळे थोडा निराळा आहे. सह्याद्रीचा काळवथरी दगड, म्हणजे बेसॉल्ट, यात सिलिका वजनाने निम्म्याच्या आसपास असली, तरी ती इतर खनिजांत बांधलेली असते आणि मुक्त क्वार्ट्झ फारच थोडे; म्हणून सुतकी घेऊन खडी फोडणाऱ्या वडारांच्या आणि जाती-पाटे घडवणाऱ्या पाथरवटांच्या पिढ्यांना हालअपेष्टा पुष्कळ भोगाव्या लागल्या, पण बॅरेसारखा धोका त्यांच्या दगडातच नव्हता. तो शेजारी होता. मध्य प्रदेशातील मंदसौर येथे पाटीवरच्या पेन्सिली विजेच्या करवतीने कापल्या जाऊ लागल्या, आणि अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने तपासलेल्या कामगारांपैकी निम्म्याहून अधिक जणांना सिलिकोसिस आढळला.

आता शहरांतल्या घरांत काळवथरी उरलेलाच नाही. स्वयंपाकाचा ओटा बाहेरच्या राज्यांतून आलेल्या ग्रॅनाइटचा असतो, फरशी व्हिट्रिफाइड, आणि दोन्हींत क्वार्ट्झ भरपूर. ओट्यात सिंकसाठी चौकोन काढताना कारागीर चार इंची कटर चालवतो आणि मदतनीस झाकणाला भोक पाडलेल्या बाटलीतून कापावर पाण्याची धार धरतो. पद्धत बेन्सनचीच आहे, आणि यंत्र बॅटरीवरचे असेल तर पाण्याजवळ विजेचा धक्का बसण्याची भीतीही बरीच कमी होते. राखाडी राड मात्र फरशीवरून लगेच पुसून घ्यावी लागते, कारण ती वाळल्यावर संध्याकाळी केरसुणीने झाडली, की पाण्याने अडवलेले तेच बारीक कण खोलीच्या हवेत पुन्हा उठतात.