मेन कून मांजर

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या ईशान्य टोकास असलेल्या मेन राज्यात विकसित झालेली, लांब केसांची, मोठ्या बांध्याची व काटक प्रकृतीची मांजराची जात. सर्व पाळीव मांजरांप्रमाणे तिचाही समावेश मांसाहारी गणातील फेलिडी कुलात होतो. उत्तर अमेरिकेत उगम पावलेल्या सर्वांत जुन्या जातींपैकी ती एक होय. ही जात कोणा प्रजनकाने योजनापूर्वक निर्माण केलेली नाही. कडक हिवाळा, शेतांवरील उंदीर मारण्याचे काम आणि मुक्त प्रजनन यांतून ती घडत गेली. नॉर्वे व सायबीरिया येथील लांब केसांच्या मांजरांबाबतही असेच घडले असून त्यांचे मेन कूनशी पुष्कळ साम्य आढळते.

उगम : यूरोपीय वसाहतवाले येण्यापूर्वी उत्तर अमेरिकेत पाळीव मांजर नव्हते. जहाजांवरील धान्याचे उंदरांपासून रक्षण करण्यासाठी मांजरे बाळगण्याची प्रथा होती. अशी मांजरे सतराव्या शतकापासून न्यू इंग्लंडच्या बंदरांत उतरत गेली व स्थानिक वस्त्यांत मिसळली. त्यांतील काही लांब केसांची होती. केसांची वाढ थांबविण्याचा संकेत देणाऱ्या एफजीएफ-५ या जीनमधील उत्परिवर्तनांमुळे (आनुवंशिक घटकात घडणाऱ्या बदलांमुळे) मांजराचे केस लांब होतात, असे २००७ मध्ये दाखविण्यात आले. हे लक्षण अप्रभावी असल्याने आखूड केसांच्या आईबापांतही ते पिढ्यान्‌पिढ्या सुप्त राहू शकते. मेनमधील दीर्घ व हिमाच्छादित हिवाळ्यात दाट केसांच्या आणि भक्कम शरीराच्या मांजरांना तगून राहणे सोपे गेले आणि कालांतराने त्यांचे प्रमाण वाढले, असे मानतात.

या जातीच्या उगमाविषयी अनेक आख्यायिका आहेत. झुपकेदार शेपूट व तपकिरी पट्टे यांवरून ती मांजर व रॅकून यांच्या संकरातून झाली, असा समज रूढ झाला व त्यावरून ‘कून’ हे नाव पडले, असे सांगतात. तथापि रॅकून हा प्रोसायनिडी या वेगळ्या कुलातील प्राणी असल्याने असा संकर अशक्य आहे. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिने पलायनाच्या तयारीत आपली लांब केसांची मांजरे मेनकडे जाणाऱ्या जहाजावर पाठविली, या कथेलाही ऐतिहासिक आधार नाही.

इतिहास : १८६० नंतरच्या दशकात मेनमधील शेतकरी स्कौहेगन येथील जत्रेत आपल्या मांजरांच्या स्पर्धा भरवीत. फ्रान्सिस सिम्पसन यांच्या मांजरांवरील १९०३ च्या इंग्रजी ग्रंथात मेनच्या मांजरांवर स्वतंत्र प्रकरण असून त्यात १८६१ मधील एका काळ्या-पांढऱ्या मांजराचा उल्लेख आहे. ८ मे १८९५ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील प्रदर्शनात कोझी नावाच्या तपकिरी पट्टेदार मेन कून मांजराने सर्वोत्कृष्ट मांजराचा मान मिळविला. त्याला मिळालेला चांदीचा गळपट्टा जतन करण्यात आला आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी इराणी मांजरासारख्या परदेशी जातींची आवड वाढली आणि मेन कून प्रदर्शनांतून मागे पडली. १९५० नंतरच्या दशकात ती नामशेष झाल्याचेही सांगितले जाऊ लागले. वस्तुतः ती नोंदवह्यांतून नाहीशी झाली होती. मेनमधील शेतांवर व घरांतून ती टिकून होती. त्याच दशकात सेंट्रल मेन कॅट क्लब या संस्थेने तिची प्रदर्शने भरविण्यास सुरुवात केली. १९६८ मध्ये मेन कूनच्या प्रजनकांची व चाहत्यांची संघटना स्थापन झाली. कॅट फॅन्सियर्स असोसिएशन या प्रमुख नोंदणी संस्थेने प्रारंभी नकार देऊन अखेर १९७६ मध्ये तिला स्पर्धेचा पूर्ण दर्जा दिला. १९८५ मध्ये मेनने तिला राज्याचे अधिकृत मांजर म्हणून मान्यता दिली.

लक्षणे : नराचे वजन साधारणपणे ६ ते ८ किग्रॅ. व मादीचे ४ ते ५·५ किग्रॅ. असते. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंतची लांबी सु. १ मी. भरू शकते. वाढ सावकाश होते व पूर्ण होण्यास ३ ते ५ वर्षे लागतात. केस खांद्यांवर आखूड, तर पोटाखाली व मागील पायांवर लांब असतात; त्यांवर पाणी सहसा टिकत नाही. छाती व मान यांवर आयाळीसारखा झुबका असतो. कान मोठे असून त्यांत केसांचे पुंजके असतात. तळव्यांच्या बोटांमध्येही तसेच पुंजके असल्याने बर्फावर चालणे सुकर होते. झुपकेदार शेपूट अंगाभोवती लपेटून हे मांजर ऊब राखते. स्वभाव शांत व माणसाळलेला असून आवाज मोठ्या देहाच्या मानाने बारीक व चिवचिवाटासारखा असतो.

आनुवंशिक प्रश्न : जात वाचविण्यासाठी झालेल्या नोंदणीबरोबरच तिचा आनुवंशिक पाया अरुंद झाला. आजच्या अनेक वंशावळींचा मोठा भाग थोड्याच मूळ मांजरांपर्यंत पोहोचतो. मेनच्या जुन्या मांजरांत नेहमीपेक्षा अधिक बोटे असणे सामान्य होते. परंतु प्रदर्शनांच्या नियमांत ते न बसल्याने हे लक्षण दुर्मिळ झाले. मर्यादित वंशसमूहात सदोष जीनही सहज पसरतात. हृदयाच्या भिंती जाड होण्याचा आनुवंशिक विकार या जातीत १९९९ मध्ये वर्णिला गेला व त्याच्याशी संबंधित एक उत्परिवर्तन २००५ मध्ये ओळखण्यात आले. तपासलेल्या मेन कून मांजरांपैकी सु. एक-तृतीयांशांत ते आढळले. ते असलेल्या प्रत्येक मांजरास विकार होतोच असे नाही; मात्र आई व बाप या दोघांकडूनही ते आल्यास धोका बराच वाढतो. पाठीच्या कण्यातील चेतापेशींचा ऱ्हास व खुब्याच्या सांध्यातील दोष हेही विकार या जातीत आढळतात.

पूर्वी दुर्बल मांजरे हिवाळ्यात तगत नसत. ऊबदार घरात वाढणाऱ्या मांजरांबाबत निवडीचे हे कार्य आता प्रजनकांकडे आले आहे. त्यासाठी प्रजननापूर्वी जीनची व हृदयाची तपासणी करतात. परंतु सदोष जीन असलेले प्रत्येक मांजर वगळल्यास वंशसमूह आणखी लहान होतो. म्हणून असे एकच जीन असलेल्या, अन्यथा निरोगी मांजराचा संयोग निर्दोष मांजराशी घडवून पुढील पिढ्यांत ते क्रमाने कमी करावे, असे सुचविण्यात येते. मोठा देह व दाट केस यांबरोबर या जातीचा मूळचा काटकपणा कितपत टिकेल, हे या निवडीवर अवलंबून आहे.