खोखरापार ते उल्हासनगर : वाळवंटातून आलेली वाट

१/ उल्हासनगरात पत्ता विचारला, तर आजही उत्तर मिळते ते ‘कॅम्प नंबर चार, अमुक सेक्शन, तमुक बॅरेक’ असे. लष्कर जाऊन पाऊणशे वर्षे उलटली, तरी पत्त्यांतून छावणी गेलेली नाही. या पत्त्यांचा उगम सातशेहून अधिक किलोमीटर दूर, थरच्या वाळवंटातील एका वाटेपाशी सापडतो. त्या वाटेचा हा इतिहास.

२/ सिंधमधील उमरकोट आणि मारवाडातील बाडमेर यांच्यामध्ये वाळूच्या टेकड्यांच्या रांगा आहेत. दोन रांगांमधील खोलगट भागातून उंटांचे तांडे जात. विहिरी खोल आणि एकमेकींपासून दूर. १५४२ साली राज्य गमावलेला हुमायून याच वाळवंटातून तहानेने व्याकूळ होत उमरकोटला पोहोचला. तेथील राजपूत राण्याने त्याला आश्रय दिला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तेथे अकबराचा जन्म झाला. निर्वासिताला या वाटेने तारल्याची ही पहिली प्रसिद्ध नोंद म्हणता येईल.

३/ १९०० च्या सुमारास जोधपूर संस्थानच्या रेल्वेने हे वाळवंट ओलांडले. जोधपूर, लुणी, बाडमेर, मुनाबाव, खोखरापार, मीरपूरखास आणि पुढे सिंधचे हैदराबाद असा तो मार्ग होता. मुनाबाव व खोखरापार ही लगतची दोन आडबाजूची स्थानके. पश्चिमेला ब्रिटिशांचा सिंध आणि पूर्वेला मारवाडचे संस्थान अशी सीमा तेव्हाही होती. परंतु ती ओलांडण्यास कोणाला परवाना लागत नसे.

४/ येथे मराठी वाचकाने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १८४३ मध्ये इंग्रजांनी जिंकलेला सिंध १८४७ पासून १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचाच भाग होता. म्हणजे सुमारे नव्वद वर्षे पुणे, सातारा आणि कराची यांचा कारभार एकाच राजधानीतून चालला. कराची व हैदराबादच्या महाविद्यालयांतील विद्यार्थी मुंबई विद्यापीठाच्या पदव्या घेत. सिंधी माणसाला मुंबई परकी नव्हती. ती त्याची जुनी राजधानी होती.

५/ १९४७ मध्ये पंजाब व बंगाल यांची विभागणी झाली. सिंध मात्र अखंड पाकिस्तानात गेला. प्रांताच्या लोकसंख्येत हिंदू सुमारे एक चतुर्थांश होते. पंजाबासारखा रक्तपात येथे प्रारंभी झाला नाही, म्हणून अनेक कुटुंबांनी राहण्याचाच विचार केला होता. डिसेंबर १९४७ मधील हैदराबादची दंगल आणि ६ जानेवारी १९४८ रोजीची कराचीची दंगल यांनी तो विचार मोडून काढला. त्यानंतरच्या काही महिन्यांत लाखो लोकांनी घरे सोडली.

६/ बाहेर पडण्याचे मार्ग मुख्यतः दोन. एक कराची बंदरातून बोटीने मुंबई किंवा काठेवाडची बंदरे. दुसरा मीरपूरखास-खोखरापारवरून वाळवंटातील रेल्वेने मारवाड आणि तेथून गुजरातमार्गे खाली. त्याच रुळांवरून उलट दिशेनेही माणसे जात होती. भारतातील कित्येक मुस्लिम कुटुंबे खोखरापारमार्गे सिंधमध्ये उतरली. दोन्ही दिशांच्या प्रवाशांनी एकच वाळू ओलांडली.

७/ सीमारेषेची क्रूरता गडरा या गावी स्पष्ट दिसते. मूळ गाव पाकिस्तानात गेले आणि त्याच्या नावाचे ‘गडरा रोड’ हे स्थानक भारतात राहिले. गाव एका देशात, गावाचे स्थानक दुसऱ्या देशात.

८/ मुंबई सरकारपुढे प्रश्न उभा राहिला : इतक्या माणसांना ठेवायचे कोठे? दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ उभारलेली लष्करी छावणी तेव्हा रिकामी होती. पाच कॅम्प, लांबच लांब बॅरेकी आणि जवळच कल्याण जंक्शन. निर्वासित तेथे उतरवले गेले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या वसाहतीची कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून तिला उल्हासनगर हे नाव मिळाले.

९/ ही भूमी ओसाड मात्र नव्हती. सभोवती आगरी, कुणबी व आदिवासींची गावे होती. वालधुनी नदी अंबरनाथहून उल्हासनगरात येते. तिच्याच काठी शिलाहारांचे शिवमंदिर असून त्यातील शिलालेख शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा आहे. घोडे बदलण्याचे ठिकाण ते बदलापूर, असे लोकपरंपरा सांगते. वाटसरूंची ये-जा या खोऱ्याला नवी नव्हती. फरक इतकाच की हे वाटसरू परत जाणार नव्हते.

१०/ कराचीत वर्षाकाठी सरासरी दोनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. कल्याण परिसरात दोन हजारांहून अधिक. पहिला पावसाळा या लोकांना कसा वाटला असेल, याची कल्पना या आकड्यांवरून करता येते. एका बॅरेकीत अनेक कुटुंबे, मधे पडद्यांच्या भिंती. जमीन नाही, शेती नाही. हाती उरला तो व्यापार. घरगुती खाद्यपदार्थ, शिवणकाम, फर्निचर, पुढे जीन्स. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हा विनोद सर्वांना ठाऊक आहे. त्यामागे रिकाम्या हातांनी केलेली सुरुवात आहे, हे मात्र सहसा सांगितले जात नाही.

११/ आणि ती वाट? १९६५ च्या युद्धात मुनाबाव-खोखरापार रेल्वे बंद पडली. तब्बल चार दशकांनी, १८ फेब्रुवारी २००६ रोजी, ‘थार एक्सप्रेस’ त्या मार्गाने पुन्हा धावू लागली. ऑगस्ट २०१९ मध्ये तीही थांबली.

१२/ पंजाबी आणि बंगाली निर्वासितांना भारतात आपल्या भाषेचा प्रांत मिळाला. सिंधी माणसाला तो मिळाला नाही. १९६७ मध्ये सिंधी भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली, पण तिला स्वतःचे राज्य नाही. म्हणून उल्हासनगरासारख्या वसाहतींना एका प्रांताचे काम करावे लागले. भाषा, झुलेलालची उपासना, चेटीचंडचा सण हे सारे बॅरेकींत जपले गेले.

१३/ १९४८ साली दहा वर्षांचे असलेले मूल आज ऐंशीच्या बरेच पुढे आहे. बोटीने आलात की वाळवंटातून, वाटेत पाणी कोठे मिळाले, सोबत काय आणले, या प्रश्नांची उत्तरे कागदोपत्री फार थोडी आहेत. ती या वृद्धांपाशी आहेत. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर येथील तरुण अभ्यासकांनी आजी-आजोबांपाशी बसून ती आताच लिहून घ्यावीत. दहा वर्षांनी विचारायला कोणी उरणार नाही.