गायिका हीच भाष्यकार : मारिया कॅलास यांच्या अभ्यासाची प्रस्तावना

ऑपेराचा इतिहास आपण बहुधा संगीतकारांच्या नावांनी वाचतो : मोत्सार्ट, रोसिनी, वेर्दी, वाग्नर, पुचिनी. हे संगीत ज्यांच्या गळ्यातून प्रत्यक्ष ऐकू आले, त्या गायक-गायिकांची नावे तळटिपांत जातात. मारिया कॅलास यांच्या बाबतीत मात्र ही विभागणी टिकत नाही. दीर्घकाळ मागे पडलेल्या रचना त्यांनी अशा गायल्या, की त्यांचे मोल अभ्यासकांना नव्याने ठरवावे लागले. गायन हेही रचनेवरचे भाष्य असते, हे त्यांच्याइतके स्पष्टपणे फार थोड्यांनी दाखवले. म्हणून ऑपेरा-गायनाच्या अभ्यासात पाऊल टाकणाऱ्या मराठी वाचकाने कॅलास यांच्यापासून सुरुवात करावी, असे मला मनापासून वाटते.

त्यांचा जन्म २ डिसेंबर १९२३ रोजी न्यूयॉर्कमध्ये, एका ग्रीक स्थलांतरित कुटुंबात झाला. १९३७ मध्ये आईबरोबर त्या अथेन्सला गेल्या आणि पुढे तिथे त्यांना एल्विरा दे इदाल्गो या स्पॅनिश सोप्रानो (सर्वांत उंच पट्टीच्या स्त्री-आवाजाच्या गायिका) गुरू म्हणून लाभल्या. शिष्येचा आवाज मोठा, गडद आणि अवजड होता. तरीही दे इदाल्गो यांनी तिला हलक्या, चपळ गळ्याची तालीम दिली : जलद स्वरमालिका, कंपित स्वर, श्वासावरचा ताबा. स्वतःचा धडा संपल्यावरही कॅलास वर्गातच थांबत आणि इतरांचे धडे ऐकत. पुढच्या साऱ्या कारकिर्दीचे मूळ या तालमीत आहे.

१९४७ मध्ये वेरोनाच्या प्राचीन रोमन रंगमंडलात पोंकिएल्ली यांच्या ‘ला जोकोंदा’मधून त्या इटलीत प्रथम गायल्या. वाद्यवृंदाचे संचालक होते तुल्लिओ सेराफीन. त्यांच्याच संचालनाखाली जानेवारी १९४९ मध्ये व्हेनिसला निर्णायक प्रसंग घडला. कॅलास तेव्हा वाग्नर यांच्या ‘दी वाल्क्युरे’मध्ये ब्र्युनहिल्ड गात होत्या. बेल्लिनी यांच्या ‘ई पुरितानी’तली नायिका गाणारी सोप्रानो आजारी पडली आणि ती भूमिका अवघ्या काही दिवसांत कॅलास यांनी उभी केली. पहिल्या भूमिकेला प्रचंड वाद्यवृंदावर मात करणारा दमदार आवाज लागतो, तर दुसरीला कमालीचा चपळ गळा. एकाच गायिकेने एकाच महिन्यात दोन्ही गाव्यात, ही गोष्ट तेव्हाच्या वर्गीकरणात बसणारी नव्हती.

ते वर्गीकरणच मुळात नंतरचे होते. १८३१ मध्ये बेल्लिनी यांनी ‘ला सोन्नांबुला’ आणि ‘नॉर्मा’ या दोन्ही ऑपेरांच्या नायिका ज्युदित्ता पास्ता या एकाच गायिकेसाठी लिहिल्या. एक खेड्यातली निरागस मुलगी, दुसरी सूड आणि मातृत्व यांच्यात सापडलेली पुजारीण. पुढे ऑपेराचा वाद्यवृंद मोठा झाला, गायिकांचे ‘जड’ आणि ‘हलक्या’ आवाजांत वाटप झाले आणि बेल्लिनी-दोनिझेत्ती यांच्या स्वरमालिका केवळ गळ्याची करामत मानल्या जाऊ लागल्या. कॅलास यांनी त्या नाट्याला परत जोडल्या. दोनिझेत्ती यांच्या ‘लुचिआ’तला वेडाचा प्रवेश त्यांच्या आवाजात ऐकताना प्रत्येक स्वरमालिका ढासळत्या मनाची हालचाल वाटते. १९५७ मध्ये मिलानच्या ला स्कालामध्ये लुकिनो विस्कोंती यांच्या दिग्दर्शनाखाली त्यांनी दोनिझेत्ती यांची ‘आन्ना बोलेना’ केली. जोन सदरलंड आणि मोंसेरात काबाये या पुढच्या सोप्रानोंच्या पिढीला या संगीतात जो प्रशस्त मार्ग मिळाला, त्यामागे हे काम आहे.

अभ्यासकासाठी साधने भरपूर आहेत, मात्र प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे. स्टुडिओतले ध्वनिमुद्रण तुकड्यातुकड्याने, पुन्हा पुन्हा घेऊन घडते. व्हिक्टर दे साबाता यांनी संचालित केलेली १९५३ ची पुचिनी यांची ‘टोस्का’ हे त्याचे शिखर. प्रत्यक्ष प्रयोगांच्या ध्वनिमुद्रणांत आवाज खरखरीत येतो, पण प्रेक्षकांसमोर घेतलेली जोखीम ऐकू येते. १९५५ ची बर्लिनमधली ‘लुचिआ’ त्यासाठी ऐकावी. चित्रीकरण फार थोडे आहे, म्हणून १९६४ मध्ये लंडनला चित्रित झालेला ‘टोस्का’चा दुसरा अंक अमूल्य ठरतो. आणि १९७१-७२ मध्ये न्यूयॉर्कच्या जुलियार्ड संस्थेत त्यांनी घेतलेल्या वर्गांतून त्यांची विचारपद्धती थेट कळते. या साऱ्याच्या शेजारी संगीतकाराची स्वरलिपी उघडी असली पाहिजे. तिच्यात काय लिहिले आहे आणि कॅलास यांनी त्याचे काय केले, यांतल्या अंतरातच अभ्यासाचा विषय आहे.

या क्षेत्रात एक अडथळाही आहे. १९५८ मध्ये प्रकृतीच्या कारणाने रोममध्ये पहिल्या अंकानंतर थांबलेला ‘नॉर्मा’चा प्रयोग, ग्रीक जहाज-उद्योगपती ओनासिस यांच्याशी असलेले नाते, घटवलेले वजन : यांवर इतके लिहिले गेले, की गाणे त्याखाली दबून गेले. त्यांचा आवाज लवकर का खचला, यावर गंभीर वाद जरूर आहे. कोणी वजन घटवण्याकडे बोट दाखवतो, कोणी फार लहान वयात गायलेल्या जड भूमिकांकडे, कोणी आजाराकडे. हा वाद समजून घ्यावा. पण त्याने गाणे ऐकण्याची जागा घेऊ नये.

मराठी श्रोत्याचा कान तानपुऱ्यावरच्या एका स्थिर षड्जावर घडलेला असतो. ऑपेरात आधारस्वरच सरकतो आणि त्या सरकण्यातून नाट्य पुढे जाते. याची सवय व्हायला वेळ लागेल. पण स्वराकडे कसे जायचे, मींड कुठे संपवायची, शब्दाला किती वजन द्यायचे, हे टिपण्याची आपली तयारी इथे थेट उपयोगी पडते. कॅलास यांचे मोठेपण नेमके याच जागांवर आहे.

पहिला धडा सुचवतो. ‘नॉर्मा’चे संपूर्ण ध्वनिमुद्रण त्यांनी स्टुडिओत १९५४ मध्ये आणि पुन्हा १९६० मध्ये केले, दोन्ही वेळा सेराफीन यांच्याबरोबर. त्यांतली पहिल्या अंकातली चंद्राची प्रार्थना लागोपाठ ऐकावी. १९६० मध्ये वरचे स्वर डळमळतात, हे कोणालाही कळेल. त्याच वेळी वाक्ये अधिक अंतर्मुख होतात, शब्दांचे रंग बदलतात. काय गेले आणि काय आले, हे दोन्ही नेमकेपणाने लिहून काढता आले, की वाचक या विद्याशाखेचा अभ्यासक झालाच म्हणायचा.