अतिजलद इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शन

अतिजलद इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शन : द्रव्याच्या सूक्ष्म संरचनेत अत्यल्प काळात होणारे बदल इलेक्ट्रॉनांच्या क्षणिक स्पंदांच्या साहाय्याने प्रतिमाबद्ध करण्याची पद्धती. सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग म्हणजे पिकोसेकंद व त्याचा हजारावा भाग म्हणजे फेम्टोसेकंद होय. घन द्रव्यातील अणूंची कंपने याच कालावधीत घडतात.

एर्न्स्ट रुस्का व माक्स क्नोल यांनी १९३१ मध्ये बर्लिन येथे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची रचना सिद्ध केली. पुढे या उपकरणाने अणूंची मांडणीही दिसू लागली. परंतु ती प्रतिमा स्थिर असे. बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात ओलेग बोस्टान्योग्लो यांनी लेसर-स्पंदाने इलेक्ट्रॉन उत्सर्जित करून नॅनोसेकंदांत घडणारी स्थित्यंतरे टिपली. त्याहून लहान स्पंदात मात्र मोठी अडचण होती. प्रतिमेसाठी पुष्कळ इलेक्ट्रॉन लागतात. पण एकत्र आलेले इलेक्ट्रॉन परस्परांना दूर लोटतात व स्पंद पसरट होतो.

कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील अहमद झेवेल (१९४६–२०१६) यांनी हा पेच सोडविला. फेम्टोसेकंद रसायनशास्त्रातील कार्याबद्दल त्यांना १९९९ चे नोबेल पारितोषिक मिळाले होते. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दर स्पंदास सरासरी एकच इलेक्ट्रॉन पाठवून, तोच प्रयोग असंख्य वेळा करून प्रतिमा पूर्ण केली. येथे अट अशी की, प्रत्येक आघातानंतर नमुना मूळ स्थितीत परतला पाहिजे. वितळणे वा तडकणे यांसारख्या न परतणाऱ्या घटनांसाठी अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेने एकाच स्पंदात कोट्यवधी इलेक्ट्रॉन वापरण्याचा मार्ग विकसित केला. त्यात कालविभेदन नॅनोसेकंदांपुरते राहते.

या पद्धतीची गरज द्रव्यविज्ञानात विशेष जाणवते. मुंबईच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेतून धातुविज्ञानाची पदवी घेतलेले (१९८४) विनायक द्रविड यांनी लीहाय विद्यापीठातून पीएच.डी. संपादन केली (१९९०) व नंतर नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात अध्यापन आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनविषयक संशोधन केले. उष्णतेपासून वीज देणाऱ्या लेड टेल्युराइडाचा त्यांनी मर्कुरी कनात्झिडिस व इतर सहकाऱ्यांसह अभ्यास केला (२०१२). उपरे अणू, नॅनोकण व स्फटिककणांच्या सीमा असे लहानमोठे अडथळे एकत्र योजल्यास उष्णतेचे वहन घटते व द्रव्याचा गुणांक २·२ पर्यंत जातो, असे त्यात आढळले. सूक्ष्मदर्शकाने अडथळे दाखविले. परंतु कंपने त्यांच्यापाशी पोहोचल्यावर काय होते, हे स्थिर प्रतिमेतून दिसू शकत नव्हते.

ती उणीव भरून काढण्याच्या दिशेने झेवेल यांचे पूर्वीचे सहकारी डेव्हिड फ्लॅनिगन यांचे कार्य महत्त्वाचे आहे. मिनेसोटा विद्यापीठाच्या रासायनिक अभियांत्रिकी व द्रव्यविज्ञान विभागात त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह २०१६ मध्ये जर्मेनियम व टंगस्टन डायसेलेनाइड यांतील ध्वनिकंपनांच्या लहरी चित्रित केल्या. स्फटिकातील पायरीसारख्या दोषांपाशी लहरी उगम पावतात व दोषांमुळे त्यांचे स्वरूप बदलते, असे त्यांत दिसून आले.

या पद्धतीत नमुना अतिशय पातळ लागतो, त्यामुळे जाड द्रव्याबाबत निष्कर्ष काढताना सावधगिरी बाळगावी लागते. तथापि द्रव्याची संरचना व तिचे कार्य यांतील दुवा अनुमानाऐवजी प्रत्यक्ष निरीक्षणाने पडताळणे तिच्यामुळे शक्य झाले आहे.