बहात्तरचा दुष्काळ एकट्या घाटावरचा नव्हता

आम्ही खारबावच्या बाया. आमच्याकडे भाताची खाचरं, जवळच खाडी. पाऊस जास्त झाला म्हणून रडायची सवय. दुष्काळ म्हणजे घाटावरची गोष्ट, हेच ऐकत मोठ्या झालो. पण १९७२ चा विषय काढला, तशी घरातल्या म्हाताऱ्यांनी रेशनच्या रांगेतली लाल मिलो काढली. तांदूळ पिकवणाऱ्या घरात परदेशी ज्वारी! ती आली कशी?

मराठवाडा, नगर, सोलापूरकडे विहिरी आटल्या होत्या. मे १९७३ मध्ये राज्यात जवळजवळ ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. बाया लेकरांना झाडाला झोळीत टाकून खडी फोडत होत्या, पाझर तलाव खणत होत्या. खायला सुकडी.

आपल्याला वाटतं, पाऊस आपलाच रुसला. पण त्याच १९७२ च्या उन्हाळ्यात रशियात मॉस्कोच्या आसपास इतकी होरपळ झाली, की दलदलीची वाळलेली जमीनसुद्धा पेटली. गव्हाचं पीक बुडालं. आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेला चारा-पाण्याविना गुरं मरत होती. प्रशांत महासागराचं पाणी तापलं होतं. त्याला एल निनो म्हणतात. आपला पाऊस बिघडवणाऱ्यांत तोही असतो.

रशियाने गाजावाजा न करता अमेरिकेतून प्रचंड धान्य उचललं. वर्षभरात जगात गव्हाचा भाव दुपटीच्या वर गेला. आपलं सरकारही त्याच बाजारात उभं होतं. घरात पीठ संपलं तर शेजारणीकडून वाटीभर आणता येतं. सगळ्या आळीचंच संपलं तर? मिलो आली ती अशा वेळी.

मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासोबत बाया लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी या दुष्काळात कसाला लागली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम मिळण्याचा हक्क त्या खडी फोडणाऱ्या हातांनी मिळवला, असं आम्हाला वाटतं. पुस्तकात त्यांची नावं नाहीत.

आता हवाच तापत चालली आहे. ऊन आणि कोरड एकाच वेळी अनेक मुलुखांवर येण्याचा धोका वाढला आहे, असं शास्त्रज्ञ सांगतात. २० जुलै २०२३ ला भारताने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली. पुढचा ऑगस्ट देशात १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वांत कोरडा गेला. त्या वेळी तांदळासाठी आपल्याकडे बघणारे देश होते. दार आपण लावलं होतं.

तुमच्या घरात कुणी बहात्तरला खडी फोडली असेल, तर तिला विचारा, तेव्हा ताटात काय होतं. पुढच्या बैठकीत ते ऐकू.